जुन्या लॅपटॉपचा खोडवा

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दरवेळी या पानावर बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांवर लिहितो. या अंकात थोडा वेगळा विषय घेतला आहे. तो आपल्याच एका सभासदाच्या ऊसबिलातून निघाला, म्हणून त्याला या पानावर जागा देण्यास हरकत नसावी.

गेल्या दिवाळीच्या आधी, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, गट ऑफिसात एक जुने सभासद आले. वय पंच्याहत्तरच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. तरुणपणी ते परळच्या गिरणीत साच्यावर होते. १९८२ चा संप लांबला तेव्हा गावी आले आणि ऊस लावून सभासद झाले. मुलगा मात्र लालबागच्या त्याच चाळीत राहिला. दादरला कापडाच्या दुकानात नोकरी करतो.

"साहेब, दिवाळीचा हप्ता कधी जमा होतोय?"

"होईल आठ दिवसांत. घाई कशाची आबा? ठिबकच्या नळ्या आणायच्यात ना?"

"नळ्या राहू द्या औंदा. नातीला लॅपटॉप घ्यायचाय. जुना पार डबा झालाय म्हणती. आता त्याला कंपनीबी विचारत नाय."

ठिबकसाठी दोन वर्षे मी त्यांच्या मागे लागलो होतो. अर्धा एकर त्यांनी चरही मारून ठेवले होते. त्यामुळे हे ऐकून मला वाईट वाटले हे कबूल करतो. दिवाळीनंतर मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मला दादरला जायचेच होते. मी म्हटले, "आबा, आठ दिवस पैसे मोडू नका. मी जाऊन तो डबा बघून येतो."

आता "कंपनी विचारत नाही" याचा अर्थ काय ते आधी समजून घेऊ.

लॅपटॉप चालू केला की सर्वांत आधी जी यंत्रणा जागी होते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ती टोळीचा मुकादम. कोयता ती चालवत नाही, पण कोणी कुठे तोडायचे, मोळ्या कुठे टाकायच्या, गाडी कधी भरायची हे तीच ठरवते. पत्र लिहिण्याचे, हिशेबाचे, सिनेमा बघण्याचे प्रोग्रॅम हे तिच्या हाताखालचे कोयते. आपल्याकडील बहुतेक लॅपटॉपवर हा मुकादम विंडोज नावाचा असतो आणि तो मायक्रोसॉफ्ट कंपनीचा आहे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने त्याचा नेहमीचा सांभाळ थांबवला. काही अटींवर आणखी एक वर्षाच्या सुरक्षा-दुरुस्त्या घेता येतात, पण ती मुदतवाढ आहे, इलाज नव्हे. पुढचे विंडोज ११ जुन्या यंत्रावर बसत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. त्याआधीचा चांगला चालता लॅपटॉपही अशा रीतीने कागदोपत्री म्हातारा ठरला.

आणि तो हळू का होतो? यंत्र झिजते म्हणून होत असेल असे लोक समजतात. ते फारसे खरे नाही. रॅम म्हणजे खळे आणि डिस्क म्हणजे कोठार असे धरा. काम खळ्यावर चालते, माल कोठारात राहतो. दहा-बारा वर्षांपूर्वी खळे होते तेवढेच आज आहे, पण मुकादमाचा बाडबिस्तरा दरवर्षी वाढत गेला. आबांच्या नातीच्या लॅपटॉपला चार जीबी रॅम होती. एकही प्रोग्रॅम उघडला नसताना तिच्यातली निम्म्याहून जास्त विंडोजने अडवलेली मी स्वतः पाहिली. उरलेल्या जागेत माल मावेना की तो सारखा कोठारात ने, परत आण असे चालते. कोठार जुन्या फिरत्या हार्डडिस्कचे, म्हणजे बैलगाडीची वाहतूक. चालू व्हायला दहा मिनिटे लागत. पोरगी बटण दाबून चहा टाकायची, चहा पिऊन कप विसळून यायची, तरी गोल चक्र फिरतच असायचे.

यावर उपाय म्हणजे हलका मुकादम नेमणे. तो लिनक्सच्या घराण्यात मिळतो. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केले की, कोणालाही वापरता, बघता, सुधारता आणि वाटता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम आपण तयार करणार. तिचे बरेच भाग तयार झाले, पण मधला गाभा राहिला. तो १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि सर्वांना देऊन टाकला. यालाच ओपन सोर्स म्हणतात. संकरित बियाण्याचे पाकीट दरवर्षी विकत आणावे लागते. उसाचे बेणे तसे नाही. एकदा चांगले बेणे मिळाले की आपण वाढवतो, शेजाऱ्याला देतो, तो आणखी कोणाला देतो, कोणी पावती मागत नाही. लिनक्स हे बेण्यासारखे आहे. म्हणूनच एकाच लिनक्सच्या पुष्कळ जाती निघाल्या.

त्यांपैकी कोणती घ्यावी? चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही आवृत्ती घ्यावी. दिसायला विंडोजसारखीच, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी. घरातल्या माणसाला नवे शिकावे लागत नाही, आणि मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दोनच जीबी असेल तर लुबुंटू बघावे. एक जीबीचे, ३२ बिटचे फार जुने यंत्र असेल तर अँटिएक्स किंवा पपी लिनक्स, पण तिथे अपेक्षा कमी ठेवावी. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाची भारतीय जात २००७ मध्ये काढली, तिच्यात मराठीची सोय आहे. सर्वांत हलके तेच सर्वांत चांगले, असे मात्र समजू नये. फार हलक्या जातीत पुष्कळ गोष्टी हाताने कराव्या लागतात आणि नवखा माणूस कंटाळून सोडून देतो.

आधी माझी चूक ऐका

कृती सांगण्यापूर्वी हे सांगणे मला भाग आहे. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लिनक्स टाकले. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल म्हणून धडे आहेत, त्यांत मराठीतूनही समजावून सांगितले आहे. ते बघून मला वाटले, आता सगळे आले. वाटेत एक पडदा येतो, त्यावर विचारतात की विंडोजच्या शेजारी ठेवायचे की डिस्क पुसून टाकायची. मी न वाचता पुढे, पुढे, पुढे केले. डिस्क पुसली गेली. तिच्यात आपल्या गटातल्या प्रात्यक्षिक प्लॉटांच्या तीन हंगामांच्या नोंदी होत्या. माती परीक्षणाचे आकडे, फुटव्यांची मोजणी, दर पंधरवड्याचे ब्रिक्स, सगळे त्यातच. दुसरी प्रत कुठेही नव्हती. विकास अधिकारी म्हणवणाऱ्या माणसाने हे करावे!

ज्यांच्या शेतात ते प्लॉट होते त्यांच्या दारी जाऊन मला सांगावे लागले. कोणी रागावले नाही, त्याने जास्तच लाजल्यासारखे झाले. त्यातल्या एका सभासदाने रिफ्रॅक्टोमीटरचे आकडे घरच्या दुधाच्या वहीत मागच्या बाजूला उतरून ठेवले होते. त्या वहीवरून एका प्लॉटचे दोन हंगाम परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

म्हणून पहिले काम एकच. फोटो, कागदपत्रे, मुलांचे प्रोजेक्ट, हिशेब, जे काही असेल ते बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर उतरवावे. उतरवले म्हणजे झाले असे नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाईली उघडून बघाव्यात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड कागदावर लिहून घ्यावेत. लॅपटॉपला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मिळवावी, नाहीतर कोठार आहे पण किल्ली विहिरीत, अशी गत होते.

लालबागची खोली आणि लॅमिंग्टन रोड

दादरला साखरपुडा आटोपून दुसऱ्या दिवशी लालबागला गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. लॅपटॉप पोटमाळ्यावर, कापडात गुंडाळलेला. २०१३ च्या सुमाराचा, आय-थ्री प्रोसेसर, ५०० जीबीची हार्डडिस्क. मुलगी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट त्याच डिस्कवर होता आणि दोन आठवड्यांत द्यायचा होता. पहिला प्रश्न तिने विचारला तो असा : "काका, माझ्या फाईली राहतील ना?"

वर सांगितलेला सगळा प्रकार मी तिला सांगितला. लपवून काय उपयोग?

मग ठरवले की या खेपेला पुसायचेच नाही. जुनी डिस्क बाहेर काढायची, तिच्या जागी नवी एसएसडी घालायची आणि लिनक्स त्या नवीवर टाकायचे. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे माल फार झपाट्याने उचलला जातो. खरे सांगायचे तर जुन्या लॅपटॉपच्या वेगातले अर्धे श्रेय हलक्या ऑपरेटिंग सिस्टीमचे आणि अर्धे या एसएसडीचे असते. कोणी फक्त पहिल्याचेच गोडवे गात असेल तर त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवा.

सामानासाठी लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला थोडे चालले की हा रस्ता लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणावे लागते. खालच्या अंगाला ऑपेरा हाउस, म्हणजे गिरगावचे तोंड. जुन्या मंडळींना खूण सांगतो : 'शोले' १९७५ पासून पाच वर्षांहून जास्त ज्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये चालला, ती याच रस्त्यावर होती. दुतर्फा वायरी, रेडिओचे सुटे भाग, कॉम्प्युटर. आमच्यासारख्याने जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. आणि लॅपटॉप सोबतच न्यावा, कारण रॅमच्या जाती वेगवेगळ्या. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही, आणि ३ मध्येही कमी व्होल्टेजची 'एल' जात वेगळी. जुनी पट्टी काढून दुकानदारापुढे ठेवली की चूक होत नाही.

आम्ही २.५ इंची साटा एसएसडी घेतली, चार जीबीची एक वापरलेली रॅमची पट्टी घेतली, आणि जुन्या डिस्कला एक यूएसबी केसिंग घेतले. भाव सारखे चढ-उतार होतात म्हणून आकडा छापत नाही, पण तीन दुकाने विचारून घ्यावे आणि पक्के बिल मागावे. सगळे मिळून नव्या लॅपटॉपचा एक हप्ता होईल इतकाच खर्च आला. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून मुलीच्या हातात दिली. तिने ती तिथेच दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून आपला प्रोजेक्ट उघडून बघितला, तेव्हा कुठे तिचा चेहरा सुटला.

प्रत्यक्ष कृती

लिनक्स मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ नावाची फाईल उतरवून घ्यावी. ती तीन जीबीच्या आसपास असते. ती नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही. रुफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'लिहावी' लागते. पेनड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नये. हे काम मी मेव्हण्याकडे दादरला करून आणले होते.

लॅपटॉप चार्जरला लावावा. जुन्या बॅटरीवर भरवसा ठेवू नये. मुंबईत वीज सहसा जात नाही, आपल्याकडे मात्र भारनियमनाची वेळ बघूनच बसावे. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना लगेच एक विशिष्ट बटण टिचकत राहायचे. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. यादी आली की पेनड्राइव्ह निवडावा. यादीच आली नाही तर सेटिंगमध्ये जाऊन यूएसबीवरून सुरू करण्याची परवानगी द्यावी लागते.

आता महत्त्वाचे. पेनड्राइव्हवरून मिंट पूर्ण चालू होते, पण डिस्कला अजून हात लागलेला नसतो. इथे घाई करू नका, अर्धा तास वापरून बघा. आवाज येतो का, वायफाय दिसते का, कॅमेरा, कीबोर्ड, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का. नवी जात सगळ्या रानात लावण्यापूर्वी आपण दोन सऱ्या लावून बघतो, तसेच हे. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप परत चालू करा, जुने विंडोज जसेच्या तसे उभे.

आमच्या बाबतीत वायफाय दिसेना. खोलीत जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एकजण लगेच म्हणाला, "झालं, बिघडवला." काही जुन्या वायफाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो घ्यायला इंटरनेट लागते, आणि इंटरनेट तर वायफायवरच! यातून वाट अशी की मोबाईल यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. मोबाईलचे इंटरनेट लॅपटॉपला मिळते. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर निवडला की काम झाले. शेजारी चहाला थांबले.

नंतर पडद्यावरच्या 'इन्स्टॉल'च्या चित्रावर दोनदा टिचकी मारावी. भाषा, कीबोर्ड, वेळेसाठी कोलकाता, नाव आणि पासवर्ड इतकेच विचारतात. मध्ये तो पडदा येतो, ज्याने माझा घात केला. डिस्क रिकामी आणि नवी असेल तरच 'पुसून टाका' निवडावे. जुन्याच डिस्कवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचे असेल तर 'शेजारी' हा पर्याय घ्यावा. तिथे पडद्यावर लिहिलेली डिस्कची साइज मोठ्याने वाचावी, आणि शेजारी बसलेल्या माणसाने ती कागदावरच्या आकड्याशी ताडून मगच 'हो' म्हणावे. वजनकाट्यावर दोघे बघतात ना, तसे. आम्ही तसेच केले. वीस-पंचवीस मिनिटांत काम संपले. पेनड्राइव्ह काढून परत चालू केला तेव्हा मुलीने चहाचे आधण ठेवलेच होते. पाणी उकळण्याआधी लॅपटॉप तयार होता.

काय चालत नाही तेही ऐका

आपले सातबाराचे संकेतस्थळ, बँक, ई-मेल, व्हिडिओ हे सगळे ब्राउझरमध्ये चालते आणि फायरफॉक्स आधीच घातलेला असतो. लिहिण्याला आणि हिशेबाला लिब्रेऑफिस असते, त्यात वर्ड-एक्सेलच्या फाईली उघडतात, क्वचित रकाने इकडचे तिकडे होतात. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की इनस्क्रिप्टने टाइप करता येते.

परंतु टॅली सरळ चालत नाही. आबांच्या नातीला टॅली शिकायचे आहे, ते ती क्लासमधल्या मशीनवर शिकते. काही ऑनलाईन परीक्षांचे प्रोग्रॅम विंडोजच मागतात, त्यांची अट आधी वाचावी. डिजिटल सहीची यूएसबी किल्ली वापरणाऱ्या सोसायटीच्या सचिवांनी तर एक मशीन विंडोजचे ठेवावेच. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या फाईली उघडल्या की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. आणि ओटीपी विचारणाऱ्या भामट्यापुढे कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम उपयोगाची नाही.

खोडव्याचे गणित इथेही आहे. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट ठेवले, नांग्या भरल्या, वेळेवर खत दिले तर खोडवा लागणीच्या बरोबरीने येतो, आणि नांगरट, बेणे यांचा खर्च वाचतो. म्हणून कोणी सहावा-सातवा खोडवा ठेवत नाही. ज्याचा पडदा फुटला, बिजागरी तुटली, चार्ज होत नाही, त्या लॅपटॉपवर पैसे घालू नयेत. त्याची डिस्क काढून माल वाचवावा आणि बाकीचे ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे.

मुलीने प्रोजेक्ट वेळेत दिला. आबांनी नोव्हेंबरात नळ्या टाकल्या, आता अर्ध्या एकरावर ठिबक चालू आहे. लॅपटॉपचे त्यांना एवढेच कळले की तो चहाच्या आधी उठतो.

गट ऑफिसात मिंटचे दोन आणि लुबुंटूचा एक पेनड्राइव्ह लिहून ठेवला आहे. ज्या सभासदांना घरचा जुना लॅपटॉप बघून घ्यायचा असेल त्यांनी दर मंगळवारी सकाळी ११ नंतर यावे. गाळप हंगाम चालू असल्याने त्याआधी मी फडावर असतो. येताना लॅपटॉप, त्याचा चार्जर, आणि फाईली उतरवलेली डिस्क किंवा पेनड्राइव्ह आणावा. उतरवलेली प्रत सोबत नसेल तर काम हाती घेतले जाणार नाही.